रॉक बँडचा दौरा: सामान चढवण्यापासून घरी उतरवण्यापर्यंत

पेडण्याकडची दशावतारी मंडळी पूर्वी रंगसामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव पायी जात, आणि पेटारा सुखरूप पोहोचला तरच रात्रीचा खेळ उभा राहील हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. गोव्यातून बेळगाव, कोल्हापूर, पुणे असा दौरा करणाऱ्या रॉक बँडचेही याहून वेगळे नसते. फोंड्याच्या एका बँडचे सामान सांभाळताना मला हे पुरते उमगले आहे. नवी मुले गाण्यांच्या सरावावर महिने खर्च करतात, पण निघायच्या दिवशी सामान मिळेल तसे गाडीत कोंबतात, आणि दौरा बिघडायला तिथूनच सुरुवात होते.

निघण्याच्या आधी प्रत्येक पेटीला, केसला आणि पिशवीला क्रमांक द्यावा, एकूण नग किती ते वहीत लिहावे आणि मोजणीचे काम एकाच माणसाकडे सोपवावे. घरून निघताना, मंचाजवळ उतरवल्यावर आणि कार्यक्रमानंतर गाडीचे दार लावण्यापूर्वी, अशी तीनदा मोजणी झालीच पाहिजे. तिसरी मोजणी मध्यरात्री, सगळे थकलेले असताना होते, म्हणून तीच सर्वांत महत्त्वाची. वाद्यांचे अनुक्रमांक आणि छायाचित्रे दोन जणांच्या फोनमध्ये असावीत, कारण चोरीची तक्रार नोंदवताना त्यांचाच आधार असतो.

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये जड स्पीकर कॅबिनेट सर्वांत आधी, आसनांच्या पाठीला टेकवून खाली ठेवावेत, म्हणजे चोर्ला घाटाच्या वळणांवर वजन सरकत नाही. त्यांच्या शेजारी अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारी यंत्रे, उभे ठेवावेत. ड्रमचे स्टँड आणि ढोल मात्र दाराजवळ असावेत, कारण मंचावर मांडायला ड्रमला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि त्यामुळे तेच आधी उतरवावे लागतात. गिटार कडक केसमध्ये, उभ्या आणि सर्वांत शेवटी चढवाव्यात. छतावरच्या कॅरिअरवर, ताडपत्री कितीही चांगली असली तरी, विजेवर चालणारी एकही वस्तू ठेवू नये. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अँप असेल तर कार्यक्रमानंतर त्याला वीस मिनिटे थंड होऊ द्यावे आणि मगच उचलावे, कारण तापलेल्या व्हॉल्व्हला धक्का सोसत नाही.

गोव्याहून घाटावर जाणाऱ्यांनी हवेचाही विचार करावा, आणि याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. ॲकॉस्टिक गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर असते, तर हिवाळ्यात पुण्या-कोल्हापूरकडची दुपारची हवा कोरडी असते. दमट हवेत फुगलेले लाकूड तिकडे आकसते, तारा खाली येऊन फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खरखरतात आणि फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात. म्हणून गिटार केसमध्येच ठेवावी, आर्द्रता राखणारी पाकिटे आत घालावीत आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तिला कधीही सोडू नये, कारण तिथल्या उष्णतेने सांध्यांचा गोंद मऊ होतो. उलट गोव्यात परतल्यावर गंज हा शत्रू असतो. वाजवून झाल्यावर तारा सुक्या कापडाने पुसण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

मंचावर पोहोचल्यावर पहिली वस्तू बाहेर काढावी ती मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजणारे यंत्र. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्टच्या आसपास आकडा हवा, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये जवळपास शून्य. तीन फेजच्या जनरेटरवर न्यूट्रल सैल झाला, तर एखाद्या सॉकेटमध्ये चारशेच्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. एका जत्रेच्या मांडवात घाईघाईत न मोजता जोडणी केली आणि आमच्या पेडलबोर्डचा (गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायांनी दाबायच्या पेडलांच्या फळीचा) वीजपुरवठा डोळ्यांदेखत जळाला. ते नुकसान मला अजून बोचते. आकडा चुकीचा आला तर वायरमनने दुरुस्ती करेपर्यंत एकही प्लग लावू नये, मग आयोजक कितीही घाई करोत. गायकाच्या ओठांना माइकचा झटका बसला, तर ती अर्थिंगची गंभीर चूक समजावी आणि गाणे तिथेच थांबवावे.

साउंडचेकची, म्हणजे कार्यक्रमाआधी मंचावर आवाज तपासण्याची, वेळ करारात लिहून घ्यावी, तसेच प्रवासखर्च, मुक्काम, जेवण आणि निम्मे मानधन आगाऊ हेही. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणे लांबली की कात्री बँडच्या गाण्यांनाच लागते, म्हणून भाषणे आधी किती वाजता संपणार आणि बँड किती वाजता सुरू होणार हे आयोजकांकडून लेखी घ्यावे आणि गाण्यांची एक छोटी यादीही तयार ठेवावी.

गाडीत दारूची बाटली नको. परवान्याशिवाय गोव्याबाहेर ती नेणे गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. एका बाटलीपायी गाडी अडकली तर कार्यक्रम बुडू शकतो. कानांसाठी इअरप्लग मात्र सगळ्यांकडे हवेत: १०० डेसिबलमध्ये सुरक्षित वेळ केवळ पंधरा मिनिटांची मानली जाते, आणि ड्रमशेजारी त्याहून मोठा आवाज सहज होतो. रात्री घाट चढायचाच असेल, तर चालकाची झोप आधी झालेली असावी. पणजी ते पुणे हे सुमारे ४५० किलोमीटर असले तरी सामानासह बारा तास धरावेत, आणि त्याच रात्री कार्यक्रम घेऊ नये.

फोंड्यात परतल्यावर झोपण्यापूर्वी सर्व केस उघडून वारा लागेल असे ठेवावेत, ओल्या केबल वाळत घालाव्यात, नग पुन्हा मोजावेत आणि जे मोडले ते त्याच वहीत, तारखेसह लिहावे.