डचमधलं ‘लोपन’: मराठी माणसाच्या या चुका टाळा

‘लोपन’ म्हणजे चालणे. रूपं पाठ करायला अर्धा तास पुरतो: इक (मी) लोप, येइ (तू) लोप्त, हेइ (तो) लोप्त, वेइ (आम्ही) लोपन, भूतकाळात एकवचनी लीप, अनेकवचनी लीपन, आणि पूर्ण भूतकाळासाठी खलोपन. घोटाळे होतात ते वाक्यात.

सगळ्यात जास्त चुकतो तो पूर्ण भूतकाळ. मराठीत ‘दोन तास चाललो’ आणि ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ यांसाठी वेगळं सहायक क्रियापद निवडावं लागत नाही. डचमध्ये लागतं. नुसती क्रिया सांगायची तर ‘हेबन’ (जवळ असणे; ‘इक’बरोबर ‘हेप’) घ्या: इक हेप त्वे यूर खलोपन. कुठे पोहोचलात ते सांगायचं तर ‘झेइन’ (असणे; ‘इक’बरोबर ‘बेन’): इक बेन नार हेत स्टाशोन खलोपन. दुसऱ्या वाक्यात ‘हेप’ घातलंत तर समजतं सगळ्यांना, पण कानाला खटकतं.

प्रश्न विचारताना ‘य’ किंवा ‘येइ’ क्रियापदामागे गेला की शेवटचा ‘त’ गळतो: लोप य मे? (येतोस का बरोबर चालत?) ‘हेइ’ आणि आदरार्थी ‘यू’ यांच्याबाबतीत मात्र तो टिकतो. इथे बरेच जण उत्साहात सगळीकडचाच ‘त’ उडवतात.

लिहिताना ‘लोप’मध्ये ओ हे अक्षर दोनदा, ‘लोपन’मध्ये एकदाच. उच्चारात स्वर तोच, म्हणून कानावर विसंबू नका.

आता आपली खास अडचण: मराठीत काय वाटेल ते चालतं. डचमध्ये घड्याळ मागे ‘लोप्त’, वाहणारं नाकही ‘लोप्त’. पण बस ‘रेइट’ आणि टीव्ही चालत असेल, म्हणजे बिघडलेला नसेल, तर ‘दूत हेत’. ‘चालेल’ला ‘दात कान’ किंवा ‘इस खूत’ म्हणा (पहिलं ऐकून डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं खरं). आणि घरून निघताना म्हणतो ते ‘चाललो मी’ म्हणजे ‘इक खा’. तिथे लोपन नको.

बेल्जियममध्ये राहत असाल तर आणखी एक. अँटवर्प-गेंटकडे ‘लोपन’ म्हणजे बहुतेकदा धावणे. चालण्याला तिकडे ‘स्टापन’ किंवा ‘वांडलन’. नेदरलँड्समध्ये धावण्याला ‘रेनन’, व्यायामाच्या धावण्याला ‘हार्टलोपन’. तेव्हा बेल्जियममधल्या सहकाऱ्याने दुपारच्या सुट्टीत ‘लोपन’ला बोलावलं, तर चपला घालून जाऊ नका.