पॅनेल बदललं आणि फरशी गार पडली : या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात रेडिएटर नाहीत. फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायचा म्हणून ऐन जानेवारीत विजेचं 100 अँपिअरचं जुनं पॅनेल काढून 200 अँपिअरचं लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकहून आलेली आई चहा पिताना पाय खुर्चीवर घेऊन बसली, तेव्हा कळलं की फरशी तापलेलीच नाही. पुढचे दोन दिवस मी जे उद्योग केले, त्यातले बरेचसे टाळता आले असते.

आधी थर्मोस्टॅट 80 अंश फॅरनहाइटवर नेला. त्यानं काहीही लवकर होत नाही. काँक्रीटचा जाड थर एकदा गार पडला की परत तापायला कितीतरी तास जातात, कधीकधी अख्खा दिवस. दिवसभर वीज बंद होती, तर संध्याकाळी फरशी गार असणारच. म्हणून फरशीला हात लावून निदान करू नका. बेसमेंटमध्ये जाऊन जिथून सगळ्या खोल्यांच्या नळ्या फुटतात त्या मॅनिफोल्डला हात लावा. जाणारी नळी गरम आणि परतणारी कोमट असेल, तर स्वस्थ बसा.

आमच्याकडे दोन्ही गार. मग मला वाटलं, नळ्यांत हवा अडकली असेल. हवा काढायचा व्हॉल्व्ह उघडला, बादलीभर पाणी सांडलं आणि बॉयलरमधल्या पाण्याचा दाब नेहमीच्या 12 पीएसआयच्या बराच खाली आला. आता एकाचे दोन बिघाड! कालपर्यंत चालणारं पाणी एका रात्रीत रुसत नाही. हात वायरींना लागला होता, शोध तिथेच घ्यायला हवा होता.

त्यातही सोपं आधी. इकडे बऱ्याच घरांत बेसमेंटच्या जिन्यापाशी किंवा बॉयलरशेजारी लाल पट्टीचा स्विच असतो. काम करताना तो बंद करतात आणि विसरतात. नव्या ब्रेकरवर नावं चिकटवलेली नसतील, तर बॉयलरचा ब्रेकर कोणता हेही कळत नाही. थर्मोस्टॅटना आणि खोलीखोलीचं पाणी चालू-बंद करणाऱ्या झोन व्हॉल्व्हना 24 व्होल्ट देणाऱ्या कंट्रोल बॉक्समध्ये बहुधा छोटा फ्यूज असतो. पातळ वायरी एकमेकींना चिकटल्या की तो उडतो. एकच खोली गार असेल, तर तिच्या थर्मोस्टॅटची वायर ओढली गेली आहे का ते बघा.

माझी सर्वात मोठी चूक म्हणजे रिसेटचं बटण. बॉयलर पेटायचा, चार-पाच सेकंदांत विझायचा, तीनदा तसं झालं की लॉक व्हायचा. मी पुन्हा रिसेट दाबायचो. विझण्याचं कारण गॅसमध्ये नव्हतंच. अनेक गॅस बॉयलर ज्योत पेटली की नाही हे तिच्यातून जाणाऱ्या मायक्रोअँपिअरच्या प्रवाहावरून ओळखतात, आणि तो प्रवाह बर्नरच्या अर्थिंगमधून परततो. अर्थिंग सुटलं किंवा फेज-न्यूट्रल उलटे लागले, तर समोर ज्योत जळत असूनही बॉयलरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला ती दिसत नाही आणि तो गॅस बंद करतो. पॅनेलच्या कामानंतर हे लक्षण दिसलं तर बॉयलरवाल्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बॉयलरपाशी फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ साधारण 120 व्होल्ट हवेत, न्यूट्रल ते अर्थ जवळपास शून्य. मल्टिमीटरची सवय नसेल तर हे मापही त्यालाच घेऊ द्या.

घरातले काही दिवे जास्त प्रखर आणि काही मंद झाले असतील, तर मात्र फरशीचं नंतर बघू. मेन स्विच बंद करा. पॅनेलमधला न्यूट्रल सैल असतो तेव्हा असं होतं, आणि त्यात बॉयलरचा बोर्ड, फ्रीज, काहीही जळू शकतं.

बाथरूमच्या फरशीखाली विजेची मॅट असेल, तर तिचा व्होल्टेज लेबलवर वाचून घ्या. 120 व्होल्टची 600 वॅटची मॅट चुकून 240 वर जोडली तर 2400 वॅट ओढायला जाते आणि जळते. उलट केलं तर 240 ची मॅट पाव ताकदीवर चालते, आणि लोक महिनोन्‌महिने ‘ही कमीच तापते’ म्हणत राहतात. तिच्या थर्मोस्टॅटमध्ये बहुधा जीएफसीआय, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारी सोय, आधीच असते. इलेक्ट्रिशियननं ब्रेकरही जीएफसीआयचा लावला, तर दोन्ही मिळून विनाकारण ट्रिप होऊ शकतात.

आमच्याकडे बॉयलरच्या अर्थिंगची वायर नव्या पॅनेलच्या पट्टीत नुसतीच सरकवून ठेवली होती, स्क्रू आवळलेलाच नव्हता. इलेक्ट्रिशियननं पाच मिनिटांत तो आवळला, आणि तो असतानाच मी प्रत्येक खोलीचा थर्मोस्टॅट वाढवून बॉयलर पेटलेला राहतो की नाही ते पाहिलं. फरशी कोमट व्हायला तरी दुसरा दिवस उजाडला. तोवर आई लोकरी मोज्यांवर मोजे चढवून फिरत होती.