घरातल्या दारूच्या ठेक्याचा इतिहास लिहायचा असेल तर

माझ्या आजोळी, नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडला, दारूचा ठेका होता. लग्नाच्या बोलणीत हा विषय कोणी काढत नसे, त्यामुळे त्याचे कागद सगळ्यांत आधी रद्दीत गेले. तुमच्याकडेही असंच झालं असेल, तर कागदांच्या आधी म्हातारी माणसं गाठा.

आधी एवढंच शोधा: आपल्याकडे दारू गाळत होते, की नुसती विकत होते? इंग्रजी अमलात जिथे मध्यवर्ती डिस्टिलरीची पद्धत आली, तिथे ठेकेदारानं तिथली दारू आणून विकायची, एवढंच काम उरलं. घरच्या आठवणीत मात्र सरसकट 'आपली भट्टी' असते. थेट विचारलंत तर माणसं गप्प होतात. मी मोठ्या मामीला मोहाचं विचारलं. मामी, पोती कुठं उतरायची? मोहफुलं वाळत घातली की राखण कोण करायचं? सडव्याचा, म्हणजे आंबवलेल्या मोहाचा, वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा का? मग ती थांबेचना. सडव्याचे रांजण आणि वाफ थंड करायच्या पाण्याची सोय आठवत असेल, तर दारू गाळत होते. नुसती पिंपं आणि मापं आठवत असतील, तर ते दुकान. बायकांनाच विचारा राजेहो, पुरुष लिलावाच्या बोलीच्या पुढे सरकत नाहीत.

कीर्द-खतावणी, म्हणजे जमाखर्चाच्या वह्या, सापडली तर नशीब. मोडी असेल तर वाचणारा शोधा, अंदाजानं लावू नका. शकात पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79. विक्रम संवत दिवाळीला बदलणारं असेल, तर डिसेंबरअखेरपर्यंत 57 वजा करा आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत 56. गॅलन इंग्रजी, म्हणजे सुमारे 4.55 लिटर. सरकारी अहवालातले 'प्रूफ गॅलन' दारूच्या कडकपणावर काढलेले असतात. ते दुकानाच्या वहीशी जुळले नाहीत म्हणून लगेच पणजोबांना लबाड ठरवू नका.

रसेलनं संपादित केलेलं नागपूर जिल्ह्याचं 1908 चं गॅझेटियर काढा आणि त्यातला आबकारीचा भाग वाचा. पुढे नागपूरचं विदर्भ अभिलेखागार. तिथे नाही मिळालं तर भोपाळलाही विचारा, कारण 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो.

याच कारणानं एक चूक हमखास होते. 'मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि ठेका बसला' असं लिहून लोक मोकळे होतात. तेव्हा नागपूर मुंबई राज्यात नव्हतंच, ते 1 नोव्हेंबर 1956 ला आलं. आपल्याकडे मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1938 चा वेगळा कायदा होता, आणि तोही सगळीकडे एकदम लागू झाला नाही. तुमच्या तालुक्यात केव्हा झाला ते पाहा, मगच घराच्या उतरत्या दिवसांचं खापर त्याच्यावर फोडा. पुष्कळदा ठेका भावाभावांच्या वाटणीत बुडालेला असतो.

उधारीची वही मिळाली, तर ती सगळ्यांत बोलकी. कोष्टी, गाडीवान, शाळामास्तर, सगळे त्यात असतात. पण नावं छापू नका. त्यांची नातवंडं त्याच गल्लीत राहतात. नावाच्या जागी व्यवसाय लिहा, रक्कम लिहा, आणि मूळ वही घरातल्या कुणा एकाच्या ताब्यात ठेवा.