छोट्या प्रोग्रामने कोडं कसं सोडवावं: ६१७४चं उदाहरण

चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४च येत राहते. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ही गंमत मांडली. सगळ्याच संख्या इथे पोचतात का? हाताने तपासायचं तर जन्म जाईल. पायथन या संगणकाच्या भाषेत वीसेक ओळी पुरतात.

आधी एकाच वजाबाकीचं फंक्शन (हवं तेव्हा वापरता येणारा कोडचा तुकडा) लिहा: संख्येची स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) करा, अंक सॉर्ट करा म्हणजे क्रमाने लावा, उलटे लावा, वजा करा. खाच आहे ती शून्याची. २१११ − १११२ = ९९९. हे ०९९९ असं चार अंकी धरलं नाही, तर पुढे ९९९ − ९९९ = ० होतं आणि प्रोग्राम शून्यातच फिरत बसतो. म्हणून स्ट्रिंग करतानाच डावीकडे शून्यं भरून चार अंक पुरे करा. मग ३५२४ देऊन वरचीच उत्तरं येतात का ते बघा.

आता लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा: ६१७४ येईपर्यंत फंक्शन चालवा, पायऱ्या मोजा. वीस पायऱ्यांची मर्यादा घाला, म्हणजे चूक झाली तरी प्रोग्राम अडकणार नाही. ० ते ९९९९ सगळ्या संख्या त्यातून काढा, सारख्या अंकांच्या दहा वगळा.

उरलेल्या सगळ्या ९९९० पोचतात, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. पायऱ्यांनुसार मोजलं तर तीन पायऱ्यांच्या सर्वाधिक, २४००; सातच्याही २१८४ निघतात.

बरेच जण इथे थांबतात, पण खरी मजा पुढच्या प्रश्नात आहे: पहिल्या वजाबाकीनंतर वेगवेगळी उत्तरं किती? ती एका सेटमध्ये (एकच उत्तर दोनदा न ठेवणाऱ्या संचात) टाका आणि मोजा. फक्त ५४! कारण ही वजाबाकी म्हणजे ९९९ गुणिले सर्वांत मोठ्या व लहान अंकांतला फरक, अधिक ९० गुणिले मधल्या दोन अंकांतला फरक. प्रत्यक्ष अंक कोणतेही असोत, हे दोन फरक तेवढे महत्त्वाचे. एवढं कळलं की उरलेल्या ५४ संख्या कागदावरही तपासता येतात.

तीन अंकांत, सारख्या अंकांच्या सोडून, सगळ्या ४९५ वर थांबतात. पाच अंकांना मात्र लूपची अट बदलावी लागते, कारण तिथे एकच मुक्काम नाही: ५९९९४ वरून ५३९५५, आणि तिथून परत ५९९९४. प्रत्येक उत्तर यादीत ठेवा, जुनं पुन्हा दिसलं की थांबा. अशी तीन चक्रं सापडायला हवीत.