स्वतःच्या शेतात हरभऱ्याच्या वाणांची चाचणी कशी घ्यावी

तापी खोऱ्यात रब्बीचा हरभरा पेरणाऱ्या शेतकऱ्यापुढे दरवर्षी वाणाचा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा बियाण्याच्या दुकानात किंवा शेजाऱ्याच्या बांधावर शोधले जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस अनेक ठिकाणच्या आणि अनेक हंगामांच्या चाचण्यांवर आधारलेली असते, म्हणून ती भरवशाची असते. परंतु रावेर-यावलकडील खोल काळ्या जमिनीत जो वाण पहिला येतो, तोच साक्रीच्या हलक्या, मुरमाड माळावर पहिला येईल असे त्या शिफारशीतही म्हटलेले नसते. ते ठरवायचे असेल, तर संशोधन केंद्रावर वापरली जाणारी पद्धत लहान प्रमाणावर आपल्याच शेतात वापरता येते आणि तिला दोन-अडीच गुंठे जागा पुरते.

शेताचा अर्धा भाग एका वाणाखाली आणि अर्धा दुसऱ्याखाली पेरून उत्पन्नाची तुलना करण्याची जी रीत सर्रास दिसते, तिला चाचणी म्हणता येत नाही, कारण त्या दोन अर्ध्या भागांतील माती, ओल आणि मागील पिकाचा बेवड यांतला फरक वाणाच्या नावावर जमा होतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक वाण एकाहून अधिक जागी पेरणे. चार वाण घेतल्यास उताराला आडवे असे तीन पट्टे आखावेत, म्हणजे एका पट्ट्यातील जमीन साधारण एकसारखी राहते. प्रत्येक पट्ट्यात चारही वाणांचा एकेक वाफा असावा आणि वाफ्यांचा क्रम प्रत्येक पट्ट्यासाठी नव्याने चिठ्ठ्या टाकून ठरवावा. चांगला वाण चांगल्या कोपऱ्यात टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो. चिठ्ठ्या तो टाळण्यासाठीच आहेत.

चार वाणांपैकी एक आपण आजवर पेरत आलेला असावा, म्हणजे इतरांची तुलना त्याच्याशी करता येते. खान्देशात तो पुष्कळदा ‘विजय’ असतो. त्याच्या जोडीला राहुरीचेच ‘दिग्विजय’ आणि ‘फुले विक्रम’ आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ‘जाकी ९२१८’ घेता येतील. कापणी यंत्राने करायची असल्यास उंच वाढणाऱ्या ‘फुले विक्रम’कडे विशेष लक्ष द्यावे. काबुली वाण देशी वाणांच्या चाचणीत मिसळू नयेत, कारण त्यांचा भाव वेगळा असल्याने नुसत्या वजनाची तुलना निरर्थक ठरते.

वाफा ८ ओळींचा, ५ मीटर लांबीचा आणि ३० बाय १० सेंटिमीटर अंतराचा ठेवावा. बी तोलून न देता मोजून टोकावे. ‘विजय’चा दाणा लहान आणि ‘दिग्विजय’चा टपोरा असल्यामुळे समान वजनाचे बी टाकले तर रोपांची संख्या समान राहत नाही, आणि मग तुलना वाणांची न होता दाटीची होते. त्यासाठी आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून प्रत्येक वाणाची उगवण पाहावी आणि ती कमी असल्यास तेवढे दाणे अधिक टाकावेत. ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची ५ ग्रॅम प्रति किलो आणि रायझोबियम या नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंची १० किलोस २५० ग्रॅम ही बीजप्रक्रिया सर्व वाणांना सारखीच करावी. बागायतीत २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा पेरणीचा योग्य काळ आहे. मात्र कपाशी उपटल्यावर डिसेंबरात पेरण्याची ज्यांची पद्धत आहे त्यांनी चाचणीही त्याच वेळी पेरावी, कारण उशिराच्या पेरणीत वाणांचा क्रम बदलू शकतो.

यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे मेलेली झाडे मोजणे आणि ती कशाने मेली हे ओळखणे. आपल्याकडे वाळलेल्या प्रत्येक झाडाला ‘मर’ म्हणतात, आणि त्यामुळे मर प्रतिकारक वाणावर विनाकारण ठपका येतो. खऱ्या मर रोगात, म्हणजे फ्युजेरियम बुरशीच्या प्रादुर्भावात, मूळ बाहेरून धड दिसते; ते उभे चिरले की आतला भाग तपकिरी-काळा झालेला आढळतो. रोप लहान असताना, विशेषतः न कुजलेला पालापाचोळा असलेल्या ओलसर जमिनीत, बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे गोल दाणे दिसले, तर ती मानकूज होय. फुले-घाटे धरताना तापमान तिशीपार जाऊन जमीन सुकली की कोरडी मूळकूज येते. तिच्यात सोटमूळ काळे, ठिसूळ आणि उपमुळांविना होते आणि झाड ओढताच मूळ तुटते. फेब्रुवारीतच ऊन तापू लागणाऱ्या खान्देशात ही तिसरी व्याधी दुर्लक्षिण्यासारखी नाही, आणि मर प्रतिकारक म्हणून निवडलेला वाण तिलाही तोंड देईल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रत्येक मेलेले झाड उपटून, चिरून, कारणासह वहीत नोंदवावे. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या हैदराबादजवळील पाटणचेरू येथील प्रक्षेत्रावर मर रोगाने मुद्दाम दूषित राखलेल्या जमिनीत वाण पारखतात आणि मधूनमधून ‘जेजी ६२’ हा रोगाला चटकन बळी पडणारा वाण पेरून रोग सर्वत्र सारखा आहे याची खात्री करतात. शेतकऱ्याने असा प्रयोग कधीही करू नये, कारण ही बुरशी हरभऱ्याविनाही मातीत सुमारे सहा वर्षे टिकते.

पाणी, खत आणि घाटे अळीवरील फवारणी सर्व वाफ्यांना एकाच दिवशी द्यावी. निम्म्या झाडांना फूल आल्याची तारीख लिहून ठेवावी. काढणीच्या वेळी प्रत्येक वाफ्यातील पाच झाडांचे एकूण आणि किडलेले घाटे मोजावेत.

काढणी ज्या त्या वाणाच्या पक्वतेनुसार करावी. दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडून द्यावा, कारण कडेच्या झाडांना अधिक ऊन आणि ओल मिळते. उरलेले ७.२ चौरस मीटर वेगळे मळून, सारखे वाळवून तोलावे. किलोमधील वजनाला ५.६२ ने गुणले की एकरी क्विंटल मिळतात. दीड किलो धान्य म्हणजे एकरी सुमारे ८.४ क्विंटल. केवळ सरासरी पाहून निवाडा करू नये. एखादा वाण तिन्ही पट्ट्यांत नेहमीच्या वाणापेक्षा पुढे असेल, तरच त्याच्याकडे गांभीर्याने पाहावे. दोन ठिकाणी पुढे आणि एका ठिकाणी मागे असल्यास पुढील हंगामात चाचणी पुन्हा घ्यावी, आणि निकाल स्पष्ट असला तरी एकाच वर्षाच्या हवामानावर सगळे शेत सोपवू नये.

हरभऱ्यात फूल उमलण्यापूर्वीच स्वपरागण होत असल्याने पसंत पडलेल्या वाणाचे बी भेसळ निवडून घरी राखता येते. तुरीची चाचणीही याच पद्धतीने घेता येते. मात्र तिच्या ओळींतील अंतर मोठे असल्याने वाफे बरेच मोठे लागतात, आणि मधमाश्यांमुळे परपरागण होत असल्याने चाचणीतील तुरीचे दाणे बियाणे म्हणून न ठेवता डाळीसाठी वापरावेत.