सेस्मिकच्या कामात खडकांच्या घनतेचा हिशेब

भूभौतिकी शिकून तेल-वायू शोधाच्या कामात येणाऱ्या नवोदितांचे लक्ष बहुतेक वेळा खडकांतून जाणाऱ्या लहरींच्या वेगावरच असते. ते स्वाभाविकही आहे, कारण परावर्तक थर किती खोलीवर दिसणार हे वेगावरून ठरते. परंतु परावर्तनाचा जोर वेग आणि घनता यांच्या गुणाकारावर, म्हणजे ध्वनिक प्रतिबाधेवर, ती दोन थरांत किती वेगळी आहे यावर अवलंबून असतो आणि विहिरीतील लॉगशी (खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांच्या नोंदीशी) सेस्मिक (जमिनीत सोडलेल्या लहरींच्या परावर्तनांची नोंद) जुळवायला बसले की घनतेकडे झालेले दुर्लक्ष लगेच उघडे पडते.

घनतेचा लॉग नसेल तेथे गार्डनर यांचे १९७४ सालचे सूत्र वापरण्याचा प्रघात आहे : मीटर प्रतिसेकंदातील वेगाच्या चौथ्या मुळाला ०.३१ ने गुणायचे, म्हणजे घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये मिळते. वालुकाश्म आणि शेल यांच्यासाठी ते बरे चालते, मिठासाठी नाही. मिठाचा वेग ४,५०० धरला तर सूत्र २.५४ घनता देते. खरी घनता २.१६ च्या आसपास असते. वरचा गाळखडक ३,००० वेगाचा व २.३ घनतेचा असेल, तर परावर्तन गुणांक (दोन थरांच्या प्रतिबाधांतील फरक भागिले त्यांची बेरीज) ०.१७ ऐवजी ०.२५ येतो. हे गणित प्रत्येकाने एकदा हाताने करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. दख्खनच्या घट्ट बेसाल्टबाबत, जो मुंबईच्या समुद्रातील गाळाखालीही आहे, चूक उलट दिशेने होते : घनता २.९ च्या जवळ असताना सूत्र ती कमी दाखवते.

लॉग हाती असला तरी तो तपासूनच घ्यावा. भोकाची भिंत ढासळली असेल तेथे उपकरण खडकाऐवजी भोकात भरलेला ड्रिलिंगचा चिखल मोजते, म्हणून कॅलिपर (भोकाच्या व्यासाची नोंद) शेजारी ठेवल्याशिवाय मी डेन्सिटी लॉग वाचत नाही. मिठासमोर तर भोक शाबूत असूनही नोंद २.०३ च्या सुमारास येते, कारण उपकरण मुळात इलेक्ट्रॉनांची घनता टिपते.

हा सारा खटाटोप वायूच्या शोधात सर्वाधिक उपयोगी पडतो. पाण्याने भरलेल्या सच्छिद्र वालुकाश्मात थोडासा वायू शिरला तरी पी-लहरींचा (दाबलहरींचा) वेग झपाट्याने घसरतो आणि पुढे वायू वाढला तरी फारसा बदलत नाही. घनता मात्र वायूच्या प्रमाणात उतरत जाते. त्यामुळे व्यापारी साठा आणि नाममात्र वायू यांतला फरक घनताच सांगू शकते. मात्र सेस्मिकमधून ती वेगळी काढायला थरावर मोठ्या कोनात आपटून परतलेल्या लहरींची स्वच्छ नोंद लागते. म्हणून इन्व्हर्जन (सेस्मिकवरून खडकांचे गुणधर्म काढण्याचे गणित) हाती घेण्याआधी डेटात भरवशाचा सर्वांत मोठा कोन कोणता, हे प्रक्रिया करणाऱ्यांना विचारून घ्यावे.