शहर सोडून गावात राहायला जाताय? घर घ्यायच्या आधी हे बघा

वर्क फ्रॉम होम आल्यापासून 'आता गावातच राहू' म्हणणारे खूप वाढलेत, चांगलंय, पण तुम्ही शहरातला पगार घेऊन उतरलात की घरमालकाला तो बरोबर दिसतो. तुम्हाला स्वस्त वाटलेलं भाडं तिथे रोज कामाला जाणाऱ्याला महागच असतं आणि तुम्ही घासाघीस न करता दिलंत की पुढच्या भाडेकरूला तोच रेट सांगितला जातो.

म्हणून आधी विकत घेऊच नका. वर्षभर भाड्याने राहा आणि त्यात तिथला सगळ्यात वाईट सीझन यायलाच हवा, छान हवेत बघितलेलं घर हमखास फसवतं. पाणी कधी येतं, लाईट किती वेळ जाते, व्हिडिओ कॉल टिकतो का, सगळं तेव्हाच कळतं.

मग नवीन प्लॉट नाही, बंद घरं शोधा. गावात घरं नसतात असं नाही, कुलूप लावलेली असतात. जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत तर जवळपास ९० लाख घरं रिकामी निघाली! आपल्याकडे गोची एवढीच की कागदावर आजोबांचं नाव, खाली चौदा वारस आणि त्यातला एक परदेशात. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत टोकन देऊ नका, "भाऊ माझं ऐकेल" यावर तर अजिबातच नाही. छप्पर, ओल, वाळवी, सांडपाणी कुठे जातं हे तिथल्याच गवंड्याला सोबत नेऊन बघा, रिपेअरचा आकडा लिहून घ्या आणि मगच किमतीचं बोला, कधीकधी तो घरापेक्षा मोठा निघतो.

फक्त वीकेंडला येणार असाल तर घर घेऊच नका, माझं स्पष्ट मत, बाकी दिवस ते बंदच राहतं आणि गावात राहणाऱ्याला मिळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून सेकंड होमवर गावागणिक एकूण घरांच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली ती उगाच नाही. इंग्लंडमधल्या सेंट आयव्हज गावाने २०१६ ला नवीन घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच असं ठरवलं, तर बाहेरच्यांची नजर जुन्या घरांकडे वळली, म्हणजे नियमाने सगळं सुटतं असंही नाही.

आणि घरात एखादी खोली जास्तीची असेल तर टुरिस्टला रोजावर द्यायच्या आधी गावातल्या शिक्षकाला नाहीतर नर्सला वर्षभरासाठी विचारा, पैसे थोडे कमी येतील पण रोज चादरी धुवायला लागत नाहीत.